फलाटावरची माणसे

गेल्या दिवाळीत नातू सुट्टीसाठी सुरतेला आला होता. वय वर्षे अकरा. येण्यापूर्वी तो शाळेतल्या मित्रांबरोबर कुठल्याशा मोठ्या मनोरंजन-उद्यानात जाऊन आलेला असल्यामुळे पहिले दोन दिवस घरात दुसरा विषयच नव्हता. कोणता पाळणा उलटा होतो, कोणता थेट वरून खाली सोडतो आणि कोणता 'आता लहान मुलांचा' झाला आहे, याचे शास्त्रशुद्ध वर्गीकरण त्याने आम्हाला ऐकवले. मग अचानक मला विचारले, "आजोबा, तुमच्या वेळची क्लासिक राइड कोणती?"

'क्लासिक' हा शब्द आमच्या पिढीने कालिदासासाठी, ज्ञानेश्वरीसाठी, फार तर 'प्रभात'च्या चित्रपटांसाठी राखून ठेवलेला. तो पाळण्याला लावलेला ऐकून मी क्षणभर थबकलो. पण उत्तर द्यायला मात्र मला क्षणाचाही विचार करावा लागला नाही. "बडोद्याच्या कमाटीबागेतली छोटी आगगाडी," मी म्हणालो.

आपल्यापैकी ज्यांचे बालपण गायकवाडी मुलखाच्या आसपास गेले आहे, त्यांना त्या गाडीविषयी वेगळे सांगायला नको. तिसऱ्या सयाजीराव महाराजांनी 1879 साली विश्वामित्रीच्या काठी ही बाग उभारली. गाडी मात्र बागेची नव्हे, राजवाड्याची. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात राजकुटुंबातील मुलांसाठी एक चिमुकली रेल्वे होती. संस्थान विलीन झाले, काळ बदलला आणि 1956 च्या सुमारास ते छोटे इंजिन नगरातल्या मुलांसाठी कमाटीबागेत आले. राजपुत्रांची गाडी अशी कारकुनांच्या मुलांना मिळाली. लोकशाहीचा इतका गोड पुरावा त्या वयात आम्हाला दुसरा कुठला मिळणार होता?

आमचे घराणे गायकवाडी अमलात नवसारी प्रांतात कचेरीच्या नोकरीसाठी आले आणि पुढे सुरतेला नानपुऱ्यात स्थिरावले. माझा जन्म 1959 चा, म्हणजे द्विभाषिक मुंबई राज्यातला. वर्षभरातच, घर न हलवता, आम्ही गुजरात राज्याचे झालो. मामा बडोद्याला दांडिया बाजारात राहत, त्यामुळे मे महिन्यात एकदा बडोद्याला जाणे ठरलेले असे. त्यातल्या 1966 सालच्या उन्हाळ्यातली एक संध्याकाळ मी माझ्या मुलांना आणि आता नातवाला कितीतरी वेळा सांगितली आहे. अण्णांनी आम्हाला कमाटीबागेत नेले. गाडी शिट्टी देऊन निघाली. मी सात वर्षांचा, ताई बारा वर्षांची. ती माझ्या शेजारी बसली होती. वळणावर डबा कलला तेव्हा मी घाबरलो आणि तिने माझा हात घट्ट धरला.

या वेळीही मी तेच सांगितले. भाऊबीजेसाठी ताई आमच्याकडेच होती. ती शांतपणे करंज्या डब्यात भरत होती. नातू खेळायला निघून गेल्यावर डब्याचे झाकण लावीत ती म्हणाली, "मी गाडीत बसले नव्हते रे. मी खाली उभी होते. तुझी टोपी हातात धरून."

मी हसलो. "असं कसं? मला स्वच्छ आठवतंय."

"टोपी उडेल म्हणून अण्णांनी ती माझ्याकडे दिली होती," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

मग मला आठवले की लहानपणापासून ताईला चक्कर येते. जत्रेतल्या पाळण्यात, चक्रात, कशातच ती कधी बसली नाही. घरात हे सर्वांना ठाऊक होते. म्हणजे तिचेच खरे असावे. निवाडा करायला एक छायाचित्र होते. मामांनी त्या दिवशी बागेत काढलेले. पण 2006 च्या ऑगस्टमध्ये तापीचे पाणी आमच्या अडाजणच्या घरात शिरले तेव्हा खालच्या कपाटातले सगळे अल्बम गेले. त्या पुरात सुरतेतल्या किती घरांचे पुरावे असे वाहून गेले असतील, कोण जाणे! राहिल्या त्या आठवणी. पुरावा नसला की त्या अधिकच ठाम होतात.

त्या रात्री मला झोप लागेना. गाडीत शेजारी ताई नव्हती हे मान्य केले, तर ती गाडी 'क्लासिक' राहते का? वेग तिला नव्हता. उंची नव्हती. बागेतल्या बागेत फिरून ती परत येई. माझ्या नातवाच्या वर्गीकरणात ती पहिल्या पाच मिनिटांत बाद झाली असती. माझ्यापुरते तिचे अभिजातपण त्या धरलेल्या हातात होते. आणि तो हात तर तिथे नव्हताच.

स्मरणरंजन हा आपल्याकडे रुळलेला शब्द तसा गोड आहे. त्याचा इंग्रजी भाऊ 'नॉस्टॅल्जिया' मात्र जन्माने एक आजार आहे. 1688 साली बाझल येथे योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने घरापासून दूर राहिलेल्या स्विस माणसांच्या झुरणीला नाव देण्यासाठी दोन ग्रीक शब्द जोडून तो घडवला: घरी परतणे आणि वेदना. पिढ्यान्‌पिढ्या मूळ गावापासून दूर राहिलेल्या आपल्यासारख्यांना हा आजार अनोळखी नाही. फरक इतकाच की आपल्याला ज्या घराची ओढ लागते, ते कोकणात किंवा देशावर असतेच असे नाही. बरेचदा ते 1966 सालात असते, आणि तिथे जाणारी गाडी नाही.

पाळण्यांच्या बाबतीत ही ओढ काय काय करते ते पाहण्यासारखे आहे. पुस्तक जुने झाले तरी त्याची अक्षरे तीच राहतात. ते अभिजात आहे की नाही हे पुन्हा वाचून तपासता येते. यंत्राचे तसे नाही. ते गंजते, मोडीत निघते, आणि मग त्याच्याविषयी निकाल द्यायला फक्त त्यात बसलेली माणसे उरतात. 1893 साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिसने 264 फूट उंचीचा पहिला महाकाय पाळणा उभारला. त्याला 36 डबे होते आणि एकेका डब्यात 60 माणसे मावत. जगातल्या सगळ्या आकाशपाळण्यांचा हा पूर्वज. पण 1906 साली तो सुरुंग लावून पाडला गेला. उलट व्हिएन्नाचा 1897 चा पाळणा आजही फिरतो. दुसऱ्या महायुद्धात तो जळाला, आणि पुन्हा उभा राहिला तो पूर्वीपेक्षा निम्म्याच डब्यांनिशी. तरी तो अभिजात; किंबहुना म्हणूनच. शिकागोच्या पाळण्याला आयुष्य मिळाले तेरा वर्षांचे. त्यात बसलेली मुले तेव्हा आईबापही झालेली नव्हती. आपल्या मुलाला बोटाला धरून तिथे आणणारे कोणी तयार होण्यापूर्वीच तो गेला.

मला वाटते, मर्म इथेच आहे. पाळणा नवा असतो तेव्हा तो नुसता वेगवान किंवा संथ असतो. पहिल्या पिढीतले मूल दुसऱ्या पिढीला घेऊन त्याच दारात उभे राहते, तेव्हा कुठे तो क्लासिक होतो.

2017 साली मुलीकडे कॅलिफोर्नियाला गेलो असताना तिने आम्हाला डिस्नेलँड दाखवले. 1955 साली उघडलेल्या त्या उद्यानात 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड' नावाची एक नावेची सफर आहे. 1964 च्या न्यूयॉर्क प्रदर्शनासाठी ती तयार झाली आणि 1966 साली कॅलिफोर्नियात आली. संथ पाण्यातून नाव जाते, दोन्ही बाजूंना देशोदेशीच्या बाहुल्या एकच गाणे म्हणत असतात. यंत्र म्हणून त्यात आज अचंबा वाटावा असे काही नाही. पण रांगेत माझ्यापुढे आजी-आजोबाच जास्त होते, आणि नावेत ते बाहुल्यांकडे फारसे पाहत नव्हते. नातवंडांच्या चेहऱ्यांकडे पाहत होते.

मुलीनेच मग 'मिस्टर टोड' या सफरीची गोष्ट सांगितली. कॅलिफोर्नियात ती पहिल्या दिवसापासून आहे. तिचीच फ्लोरिडातील बहीण 1971 पासून चालली आणि 1998 साली बंद झाली. ती बंद होणार असे कळताच चाहते तिच्यासमोर जमून निदर्शने करू लागले. सफर तरी कसली, तर अंधाऱ्या खोल्यांतून वाकडीतिकडी धावणारी छोटी मोटार. तिच्या जागी पुढे 'विनी द पू' या अस्वलाची सफर आली. आज ती हलवायची म्हटली, तर तिच्यात बसून मोठी झालेली मुले तितक्याच कळकळीने रस्त्यावर येतील, यात मला शंका नाही. प्रत्येक पिढीला वाटते की अभिजात आपल्याबरोबर संपले.

आमच्या घरातही तेच घडले. माझ्या मुलांच्या पिढीचे तीर्थक्षेत्र म्हणजे गोराईचे एस्सेलवर्ल्ड. 1989 साली ते सुरू झाले आणि दूरदर्शनवरील जाहिरातीमुळे गुजरातभरच्या मुलांनी आईबापांचे डोके खाल्ले. सुरतकरांना ते सोयीचे होते. पहाटेची फ्लाइंग राणी पकडायची, बोरिवलीला उतरायचे, खाडीपर्यंत बस, पुढे होडी, आणि संध्याकाळी त्याच राणीने परत. आम्ही 1995 साली गेलो. झिपर डिपर नावाच्या रोलर कोस्टरसमोर मुले उभी राहिली तेव्हा मी बॅगा, पाण्याच्या बाटल्या आणि दोघांच्या चपला घेऊन खाली बाकावर बसलो. मला उंचीची भीती वाटते. "चक्कर आमच्या घराण्यातच आहे," असे मी पत्नीला सांगितले आणि ताईचा दाखला दिला.

कोरोनाच्या काळानंतर एस्सेलवर्ल्डचे दरवाजे मिटल्याची बातमी आली तेव्हा मुलीचा अमेरिकेहून फोन आला. आवाज जड झाला होता. "बाबा, झिपर डिपरमध्ये तुम्ही माझा हात किती घट्ट धरला होता!" ती म्हणाली. मी काहीच बोललो नाही. तेव्हा मला तो तिचा गोड गैरसमज वाटला. ताईच्या टोपीची हकिगत ऐकल्यावर मात्र तो फोन आठवून मी दचकलो. म्हणजे हा माझ्या एकट्याच्या स्मृतीचा दोष नव्हता. स्मरणरंजनाची रीतच ही असावी: खाली उभ्या असलेल्या माणसाला ते उचलून शेजारच्या आसनावर आणून बसवते.

यात माया आहे, हे खरे. पण जो खाली उभा होता त्याचे खाली उभे असणे या मायेने पुसले जाते, हेही तितकेच खरे. मुलगा म्हणतो, त्याला एस्सेलवर्ल्डपेक्षा फ्लाइंग राणीचा वरचा मजलाच अधिक आठवतो. 1979 साली या गाडीला दुमजली डबे जोडले गेले आणि 2023 च्या जुलैत ते काढून टाकले, तेव्हा सुरत-मुंबई मार्गावरच्या कितीजणांनी हळहळ व्यक्त केली! मीही केली. पण त्याच डब्यांच्या खालच्या मजल्यावर, फलाटाच्या पातळीला नाक टेकवून, धूळ खात वर्षानुवर्षे प्रवास केलेल्या माझ्या एका सहकाऱ्याने शांतपणे सांगितले, "तुम्ही वर बसत होतात." मला त्यावर उत्तर सुचले नाही.

हे सगळे लिहीत असताना नोकरीतला एक प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येतो. 1998 च्या सुमारास दक्षिण गुजरातमधल्या एका तालुक्याला मी मामलतदार होतो. तिथली वार्षिक जत्रा मोठी. आसपासच्या डोंगरपट्ट्यातून माणसे पायी येत. जत्रेत एक जुना चकडोळ दरसाल लागायचा. त्या वर्षी तपासणीत त्याच्या एका तुळईच्या सांध्याला तडा दिसला आणि मालकाकडे यंत्र सुस्थितीत असल्याचा दाखलाही नव्हता. मी परवानगी नाकारली. गावातली प्रतिष्ठित मंडळी माझ्याकडे आली. "साहेब, हा आमच्या जत्रेचा मान आहे. आमच्या बापजाद्यांपासून फिरतो आहे," असे त्यांचे म्हणणे. त्यांच्यापैकी प्रत्येकाजवळ त्या चकडोळाची एक आठवण होती, आणि त्या आठवणीत तडा नव्हता. मी सही केली नाही.

त्या निर्णयाचा मला आजही पश्चात्ताप नाही. 14 जुलै 2019 रोजी अहमदाबादच्या कांकरिया येथे फिरता पाळणा मोडून दोघांचा जीव गेला. 25 मे 2024 रोजी राजकोटच्या गेमझोनमधील आगीत 27 माणसे दगावली. या बातम्या वाचताना त्या न केलेल्या सहीची मला दर वेळी आठवण झाली. जुने ते जपावे. पण सांध्यातली भेग प्रेमाने भरून निघत नाही.

टोचते ते वेगळेच. त्या संध्याकाळी जत्रेतून परतताना बंद चकडोळाच्या कुंपणाशी एक बाई आठ-नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन उभी होती. पदराच्या गाठीत नाणी बांधलेली. चकडोळ आज फिरणार नाही का, असे तिने मला विचारले. मी नाही म्हणालो. ती म्हणाली, मागच्या वर्षी पैसे नव्हते, म्हणून या वर्षी बसवते असे पोरीला कबूल केले होते. मी जीपमध्ये बसलो. प्रतिष्ठित मंडळींचा राग मी पचवला. त्या मुलीने मात्र काहीच म्हटले नाही, ती नुसती वर पाहत राहिली. पुढच्या वर्षी मालकाने चकडोळ दुरुस्त करून दाखल्यासह आणला की नाही, हे विचारायचेही मला सुचले नाही. माझी बदली झाली होती.

'आमच्या जत्रेचा मान' असे म्हणणारी सगळी माणसे त्यात बसलेली होती. कोणता पाळणा अभिजात, कोणती बाग ऐतिहासिक, कोणती गाडी जपायची, याच्या याद्या आपण करतो. मी कचेरीत असताना अशा काही याद्यांवर माझ्याही सह्या झाल्या. त्या करणाऱ्या प्रत्येकाच्या बालपणी कोणीतरी तिकीट काढलेले असते. ज्यांचे तिकीट कधी निघालेच नाही, त्यांच्यापाशीही आठवण असते, पण तिला यादीत रकाना नसतो.

असो. संक्रांत उलटल्यावर ताईला घेऊन मी बडोद्याला गेलो. नात्यात लग्न होते. दुपार मोकळी होती. महाराजा फतेहसिंग म्युझियम ज्या इमारतीत आहे, ती मूळची राजवाड्यातल्या मुलांची शाळा. आत राजा रविवर्म्याची चित्रे आहेत आणि बाहेर ते छोटे इंजिन ठेवलेले आहे. निवृत्तीनंतर मी ते एकदा पाहिले होते आणि ते केवढेसे आहे हे पाहून खट्टू झालो होतो. सात वर्षांच्या माझ्या डोळ्यांनी ते केवढे मोठे करून ठेवले होते!

ताईने ते प्रथमच इतक्या जवळून पाहिले. तिने चष्मा पुसला, पुढे होऊन इंजिनावर हात ठेवला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली.

"केवढंसं आहे, नाही?" मी म्हणालो.

"मला तर मोठंच वाटतंय," ती म्हणाली. मग इंजिनावरचा हात न काढता, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मला चक्कर येत नाही रे. कधीच येत नव्हती. अण्णांच्या खिशात परतीच्या भाड्याचे पैसे मोजून ठेवलेले होते. वर एकाच तिकिटापुरते होते. त्यांनी आमच्या दोघांकडे पाहिलं. त्यांना बोलायला लागू नये म्हणून मी म्हटलं, मला चक्कर येते."

साठ वर्षे होत आली. इतकी वर्षे घरातल्या प्रत्येक जत्रेत, प्रत्येक सहलीत आम्ही तिच्या हाती टोप्या, चपला आणि पिशव्या देत आलो. तिला कोणी विचारले नाही, कारण सर्वांना ठाऊक होते.

मी काय बोलणार होतो? अण्णा गेले, मामा गेले, छायाचित्र पुरात गेले. त्या दिवसाचे आम्ही दोघेच उरलो आहोत. त्यातला एक गाडीत होता, दुसरी फलाटावर. ती गाडी अजूनही माझ्या यादीत सर्वांत वर आहे. फक्त आता ती सुटते तेव्हा मला डब्यातला धरलेला हात दिसत नाही. मागे लहान लहान होत जाणारी, टोपी हातात घेतलेली बारा वर्षांची मुलगी दिसते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत नातू पुन्हा येणार आहे. कुठल्या पाळण्यात बसायचे ते त्याने फोनवरून कळवलेही आहे. मी ताईला विचारले. ती जरा लाजली आणि "बघू" म्हणाली. तिकिटे तीन काढायची, आणि बॅगा सांभाळत खाली कोणीच थांबायचे नाही, एवढे मी ठरवले आहे.